ब्रेक करणाऱ्यानं शेजारी बसायचं

माझं गाव मुखेडकडचं, पण घडलो लातुरात, उस्तादांच्या गॅरेजात. भूकंप झाला तवा मी तिथं नवाच होतो. जखमींना आणायला जीपा पळत होत्या, दिवसभर नुसती जा-ये, अन् काय सांगू तुम्हाला, एका जीपचं ब्रेकचं पेडल दवाखान्यापाशी येता येता पार खाली बसलं, झाडाला घासून थांबली ती, आतली माणसं नशिबानं वाचली. उस्तादांनी खोलून बघितलं, म्हणले ब्रेकचं तेल कैक वर्षं बदललंच न्हाई, हवेतलं पाणी पिलंय, तापलं की उकळतंय अन् पेडल पोकळ होतंय. तवापासून त्यांचा कायदा, ज्यानं ब्रेकचं काम केलं त्यानंच पहिल्या फेरीला शेजारी बसायचं. उस्ताद गेले, कायदा हाय.

पुढं लातुरात क्लासचं पेव फुटलं, गल्लोगल्ली पोरं अन् सायकली. माझी पोरगीबी सकाळच्या बॅचला जायची, फिजिक्सच्या सरांकडं. लई नाव सरांचं, पण माणूस साधा, शौक एकच, गाडीचा. तिकडं मद्रासकडं रेसचा ट्रॅक हाय म्हणं, सुट्टीत आपली रोजचीच गाडी घेऊन तिथं पळवायला जायचे.

एकदा आले, म्हणले चार चकरा झाल्या की ब्रेक धरीना, चाकातल्या ब्रेकच्या डिस्क मोठ्या बसवा. मी म्हणलं सर, ती डिस्क तुमच्या चाकात मावणार न्हाई, आधी तेल बदला, जास्त ताप सोसणारं घाला, मग डिस्कला आवळणाऱ्या पॅडचं बघू. मानलं त्यांनी. पण पॅड आधीच मागवून बसले होते, निव्वळ रेसचे. आता ते पॅड तापल्याबिगर नीट धरत न्हाईत, ट्रॅकवर सोनं, गावात सकाळच्या थंडीत लाकूड. मला ठाऊक होतं हे, हाव, पक्कं ठाऊक होतं. पण पोरीचे सर, त्यांना मी काय शिकवू, असं वाटलं अन् गुमान बसवून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी न्यायला आले. कायदा म्हणून मी शेजारी बसलो. क्लासच्या गल्लीत वळलो तर म्होरं पोरींच्या सायकलींची रांग. सरांनी ब्रेक दाबला, गाडी काही धरीना, मी हँडब्रेक खस्सकन ओढला. शेवटच्या सायकलीच्या मडगार्डला टेकून गाडी थांबली. त्या सायकलीवर माझीच पोरगी, मागं वळली, म्हणली पप्पा, तुम्ही सरांच्या गाडीत कसे काय. तिला वाटलं आम्ही मुद्दाम जवळ येऊन थांबलो. हसली अन् गेली आत.

 सरांनी गाडी बंद केली, म्हणले तुम्हाला माहीत होतं का. म्हणलं हाव. मग बोलला का न्हाईत. म्हणलं, तुम्ही सर. तवा ते म्हणले वर्गात मी पोरांना रोज सांगतो, चुकलं तर मला टोका, तुम्हाला सांगायचं राहिलं. त्या दिवशी पहिला तास झालाच न्हाई, गाडी ढकलत गॅरेजात आणली अन् जुने पॅड चढवले.

आता सर रेसचे पॅड डिक्कीत नेतात, ट्रॅकवर गेल्यावर बदलतात, येताना पुन्हा काढतात, मीच शिकवलं. पोरगी नांदेडला डॉक्टर हाय. त्या सकाळचं तिला अजून सांगितलं न्हाई. तुम्ही हे लिहून घ्यायलात, तिच्या हाती पडलं तर पडू द्या, रागावली तर रागवू द्या. रागवायला सुखरूप हाय ती.