खिळ्यावरची कात्री

सोनोग्राफीसाठी बसलो होतो. मागच्या बाकावर दोघी बहिणी. धाकटीला सातवा लागला असावा.

"सरळ बाळंतपणाची रजा घे. हक्काची आहे."

"सुपरवायझर मॅडम म्हणतात, रजा संपायच्या आत आपला कापड-कटिंग विभागच बंद होईल. मग काय करू, ताई?"

"मग कंपनी देतेय ती स्वेच्छानिवृत्ती घे. एकरकमी पैसे तरी येतील."

"पण रजेचा पगार जाईल. वर लिहून द्यायचं, मी माझ्या खुशीने जातेय."

"दे लिहून. खुशीचं कोण बघतंय?"

"ताई, आमच्याकडे जिची कात्री तिच्याच खिळ्यावर असते. बाई रजेवर गेली तरी तिच्या कात्रीला कुणी हात लावत नाही. काल जेवून आले, तर माझा खिळा रिकामा. कात्री नव्या मुलीच्या हातात."

"विभाग बंद होतोय ना? मग नवी मुलगी कशाला घेतली?"

"तेवढं विचारायचं धाडस नाही झालं. कात्री मात्र मागितली."

"मग?"

"मॅडम हसल्या. म्हणाल्या, राहू दे गं तिच्याकडे, तुला आता घरी काय कापायचंय?"

"आणि तू ऐकून घेतलंस?"

"काय करणार? ती पोरगी दोन दिवसांत बोथट करून टाकेल."

"करू दे की."

"अगं, बारा वर्षं वापरलीय मी ती. धार कशी लावायची, ते दाखवून आले तिला."