देवाच्या कोंबड्याला लसूण

तुम्ही लसणीचा विषय काढलात म्हणून सांगतो, एरवी हे मी कुणाला सांगत नाही. आम्ही तेव्हा मांडवीला राहायचो. थोरला भाऊ एडनच्या बोटीवर खलाशी होता आणि दोन महिने त्याचं पत्र नव्हतं. तो सुखरूप यावा म्हणून वहिनी गावच्या राखणदार देवाला कोंबडा बोलली होती. तो कोंबडा परसात वेगळ्या खुराड्यात वाढत होता.

त्यातच आळीतल्या कोंबड्यांना हगवण लागली. रोज कुणाच्या तरी दोन-तीन मरायच्या. वहिनी लसूण आणि ओली हळद ठेचून कण्यांत कालवायची आणि आमच्या कोंबड्यांना घालायची. ती देवाच्या कोंबड्याकडे वळली तेव्हा मीच तिला अडवलं.

"त्याला नको, वहिनी. लसणीचा वास येईल. तो देवाचा आहे, त्याला देव राखील."

तिने माझं ऐकलं. आठ दिवसांत तो मेला. बाकीच्या सगळ्या वाचल्या.

मी रोज पोस्टमनची वाट बघत दारात बसायचो, कारण घरात वहिनीकडे बघवत नव्हतं. शेवटी पत्र आलं. दादा खुशाल होता, शिमग्याला येणार होता.

मग वहिनीने नवसासाठी दुसरा कोंबडा धरला आणि माझ्यादेखत त्याच्यापुढे लसणीच्या कण्या ठेवल्या. मला राहवलं नाही. म्हटलं, "वास येईल."

"येऊ दे, भावजी," ती म्हणाली. "वास देवाला चालेल. मेलेला कोंबडा मी कोणत्या तोंडाने नेऊ?"