खात्री कुणाला होती, सर?

नाही, थांबा जरा — "मला पहिल्यापासून खात्री होती हिची," असं आत्ता माझ्या बाबांना म्हणालात ना? त्यांना इंग्रजी येत नाही म्हणून ते हसून मान डोलावताहेत — मला येतं. मी नेरेइदा, आज पदवी घेतलेल्या सित्लालीची थोरली बहीण. कसली खात्री हो? दुसऱ्या वर्षाला तिची प्रॅक्टिकल्स बुडत होती, तेव्हा केबिनमध्ये बोलावून काय म्हणालात? "कॉलेज सगळ्यांसाठी नसतं, घरी आईला तुझी जास्त गरज आहे." गरज होतीच! आईचं डायलिसिस चाललेलं, तिला स्पॅनिशशिवाय काही समजत नाही — डॉक्टर काय बोलतो ते सांगायला ही सोबत जायची. का बुडतंय, असं एकदा तरी विचारलंत? नाही विचारलंत. पोरीनं पुस्तकं पलंगाखाली ढकलली आणि सकाळी माझ्याबरोबर पीचची फळं खोक्यांत भरायला शेडवर हजर!

विचारलं ते ओब्दुलियाबाईंनी — त्या बघा, आईच्या खुर्चीमागे उभ्या आहेत त्या. आमच्यासारख्या मजुरांच्या घरातल्या मुलांनी कॉलेज अर्ध्यावर सोडू नये म्हणून धडपडतात. थेट घरी आल्या. बाबांना वाटलं, कागदपत्रं तपासायला इमिग्रेशनवालेच आले — दार उघडेनात! बाई पायरीवर उन्हात बसून राहिल्या. शेवटी आई ओरडली, "एवारिस्तो, पाहुणी भाजून निघतेय, उघड की!" बाबा गुरगुरले, "मुलगी घरची आहे, कॉलेजची नाही." बाई म्हणाल्या, "घरचीच राहू दे! पण दुभाषा देणं दवाखान्याचं काम आहे — मागितलात कधी?" कसा मागणार? आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं! मग दुभाषा मिळाला, मी शेडवरची पाळी बदलून घेतली, आईची ने-आण माझ्याकडे, हिची प्रॅक्टिकल्स दुसऱ्या बॅचला — तरीही एकदा नापास झालीच. रडून रडून डोळे सुजले. तेव्हा बाईंनी तिच्यासारखीच चार मुलं गोळा केली, आमच्याच स्वयंपाकघरात अभ्यासाला बसवली. आई त्यांना घेवडा आणि मक्याच्या गरम तोर्तिया वाढायची आणि दम द्यायची, "पास व्हा, नाहीतर भांडी घासा!" अशी झाली ही पदवीधर. यात तुम्ही कुठे होता, सर?

काय म्हणालात? तुम्ही असं बोललाच नव्हता? सित्लालीनं चुकीचं ऐकलं असेल? अहो, तिनं सांगायच्या आधीपासून ते वाक्य मला पाठ आहे! कारण — कारण आधी ते मला ऐकवलं होतंत. त्याच केबिनमध्ये. तुमच्याच वर्गात होते मी. आठवत नाही ना? कशी आठवेन, मुकाट्यानं उठून गेले. वाटलं, एवढा शिकलेला माणूस, खरंच सांगत असेल. घरी म्हटलं, कंटाळा आला अभ्यासाचा. बाबा अजून तेच धरून बसलेत — "नेरेइदाला डोकं होतं, जिद्द नव्हती." ऐकून घेते. हे कुणाला सांगायचं नव्हतं मला, आज तर नाहीच... तुम्ही बोलायला लावलंत.

नाही, माफी नको. आत्ता, इथे, बाबांसमोर तर नकोच. आणि नाव काय लिहून घेताय माझं? येत्या सत्रात यादीत येईलच. ओब्दुलियाबाईंनी प्रवेश घ्यायला लावलाय — रसायनशास्त्र पुन्हा पहिल्यापासून, तुमच्याच वर्गात. दुसऱ्या सरांचा वर्गही होता हो, मीच नको म्हटलं. या वेळी उठून जाणार नाहीये मी.

निघा आता. आमच्या घरच्यांना जेवायला जायचंय.