विद्येचा भाव

मी एकदा कौन्सिलच्या निवडणुकीला उभा होतो, हे तुम्हाला ठाऊकच नसेल. नुकताच विलायतेहून शिकून आलो होतो आणि एकच मंत्र घोकत होतो: शास्त्र आणि यंत्रं यांत सरकारनं पडू नये, शोध लावणाऱ्यानं तो बाजारात विकावा, म्हणजे आणखी शोध लागतील.

दापोलीजवळच्या एका वाडीत भिकूकाकांचा शब्द चाले. ते म्हणतील त्यालाच मतं. आंब्याची कलमं बांधण्यात त्यांचा हात असा, की बांधलेलं एकही मरत नसे. आणि येईल त्याला ते ही विद्या फुकट शिकवत.

त्यांच्या पडवीत भाषण संपवून मी सगळ्यांदेखत म्हणालो, "काका, तुमचं चुकतंय. शिकवण्याचे पैसे घ्या."

"आणि ज्याच्याजवळ नसतील, त्यानं काय करायचं?"

"तो दुसरी स्वस्त युक्ती शोधेल. अशीच प्रगती होते."

काकांनी सावकाश पानाला चुना लावला. "अर्धा तास बोललास. आम्हाला सगळं नवीनच होतं हो. तुझे किती झाले?"

मी गडबडलो. "छे छे, काका! याचे कसले पैसे? हे सगळ्यांना कळायला हवं, म्हणून तर वाडीवाडीतून पायी फिरतोय."

पडवी खो खो हसू लागली. मतं गेली, असं समजून मी वहाणा शोधू लागलो. पण काकांनी मला हात धरून खाली बसवलं आणि जे म्हणाले, त्यासाठी मी त्यांचा आजही ऋणी आहे.

"मत यालाच द्या रे. बोलतो दुकानदारासारखा, पण शिकवतो फुकट."