एक पांढरा, एक पिवळा

कुठलाही वाद निम्मा-निम्मा वाटून मिटवायची आमच्या मोठ्या काकांना खोड आहे. गाडीच्या दिव्यांचंही त्यांनी तेच केलं. मला चिखलदऱ्याला नोकरी लागली, तेव्हा ते म्हणाले, "धुक्यासाठी फोकस बसव अन् मले घाट चढवून दाखव. नाई जमलं तर रोज काळीपिवळीनं जाशीन." जीपमध्ये कोंबून जायला मी मुळीच तयार नव्हते.

परतवाड्याच्या दुकानात मी पिवळे दिवे मागितले, कारण धुक्यात पांढरा उजेड उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो.

"पिवळ्यानं गाडीले कावीळ झाल्यावानी दिसते," काका म्हणाले. "एक तुह्या मनाचा, एक माह्या मनाचा."

घाटात धुकं लागल्यावर मी हेडलाइट बंद करून फक्त हे दोन दिवे लावले. समोरून येणारी जीप नेमकी आमच्या दोन दिव्यांच्या मधोमध घुसायला निघाली आणि बोनेटपाशी कशीबशी थांबली. ड्रायव्हर उतरून आमच्या मागे डोकावू लागला.

"काकाजी, दोन मोटारसायकली येऊन राहिल्या होत्या ना? मी त्याइच्या मधून निघून राहिलो होतो. गेल्या कुठं?"

"मांगं रायल्या," काका शांतपणे म्हणाले.

तो गेल्यावर मी काकांकडे नुसतं पाहत राहिले.

"पाहून काय राहिली? गाडी दुकानाकडं फिरव. कावीळ परवडली."