खिळ्यावरून उतरवलेला सांगाडा

नाही साहेब, चोरला नाही. पुरला. दोन हजार एकोणीसचा ऑक्टोबर, आमच्याकडचा पावसाआधीचा उकाडा – तुमच्या विज्ञान संग्रहालयाची गाडी तेव्हा शेवटची आली. सावलीत या. खुर्ची तुम्हाला, मी ओंडक्यावर बसतो. गावाचा मुखिया म्हणून ओंडका काही मऊ होत नाही.

शिकलो नाही मी. दोन इयत्ता, त्याही धड नाहीत. पण तुमच्या गाडीपुढे मी रांगेत उभा राहायचो – हो, पोरांच्याच रांगेत! तुमच्या दुर्बिणीसारख्या नळीतून करीबा तलावाचं पाणी पाहिलं. वळवळणारे किडे! जन्मभर तेच पाणी प्यालो, त्यातच पोहलो. हे किडे लव्हाळ्यातल्या गोगलगायींतून निघतात, अंगात शिरतात, तिथे उतरायचं नाही, हे माझी नात चोल्वे घरी येऊन आजीला सांगायला लागली. आजी म्हणाली, "कालची कार्टी मला पाणी शिकवते!" पण दुसऱ्या दिवसापासून म्हातारी बोअरिंगवर. पोरांच्या लघवीतून रक्त जायचं, ते थांबलं. ऐकीव सांगत नाही. पाहिलंय.

मग तुम्ही तो सांगाडा ठेवून गेलात. शाळेत राहू द्या, पोरं हाडं शिकतील, म्हणालात. चिलाला नावाच्या आमच्या मास्तरांनी तो टांगला – कशाला? खिळ्याला! आमच्यात माणसाची हाडं टांगत नाहीत. प्लास्टिकचा होता, ठाऊक आहे मला. नखाने टोकरून पाहिला होता. पण बायका शाळेवरून जाईनात. हा कोणत्या घरचा, याला कुणी रडलं का, विचारायला लागल्या. काय सांगणार मी? ढोल वाजवला, खड्डा खणला, पुरला. गाव रीतीप्रमाणे दुखवट्याला बसलं. मास्तर ओरडत होते, "मुखिया, तो सरकारी आहे!" मी म्हटलं, पुरल्यावर कुणी सरकारी राहत नाही.

तेव्हापासून गाडी नाही. आम्हाला नाही, ते एक वेळ समजलं – पण खोऱ्यातल्या सगळ्याच शाळांना नाही? बाजारात शेजारगावचे विचारतात, "काय मुखिया, बाहुलीसाठी अजून रडता का?" विचारू देत. पण धाकटी पोरं पुन्हा लव्हाळ्यात डुंबतात. पुन्हा तेच रक्त. चोल्वे सांगून थकली – दाखवायला तिच्याकडे नळी कुठे आहे? मी ओरडतो, काठी उगारतो. माझ्या ओरडण्याने किडे दिसत नाहीत, साहेब. काय करू मी?

ती तांबडी कालवड बघा. आमच्यात नुकसान गुरांनी भरतात. न्या. – काय? संग्रहालयाला कालवड चालत नाही? सांगाडाच हवा? आणि तो मिळाला की गाडी येईल? सगळ्या शाळांना? नळी घेऊन? – पुन्हा म्हणा. हं. ऐकलं मी.

कबर उघडत नाहीत आमच्यात. जो उघडतो, त्याच्या घरी कुणी जेवत नाही. … तुम्ही नको. परक्याचा हात नको. कुदळ इकडे द्या. चोल्वे, बायकांना आत घे. दार लाव.

बाजूला सरा. – खड्डा फार खोल नाही. घाईत खणलं होतं. … हा पाय. हा खुबा. जबडा निखळलाय, तो वेगळा धरा. बोटं मातीत असतील, चाळून देतो – ए! ते ब्लँकेट ओढू नका! ते तुमचं नाही. लुयांडोचं आहे. माझा मुलगा. तुमचा सांगाडा येण्याआधी जाळी घेऊन गेला, तलावाने परत दिला नाही. होडी मिळाली. तो नाही. पुरायला मला काहीच – काही नाही. तुम्ही हाडं बघा.

झालं? पुरी आहेत? कवटी मांडीवर घ्या, रस्ता खराब आहे.

फिटलं. निघा.