माळ्यावरचा पसारा

माळा आवरायचा म्हणताय तर आवरा, पण शेजाऱ्यांना कळू देऊ नका. आमच्या मुरबाडच्या घरी काय झालं ते ऐका. भातसा धरणापाशी भातसानगर वसलंसुद्धा नव्हतं, तेव्हाची गोष्ट.

दादाला मुलगी द्यायची म्हणून शहापूरचे पाहुणे घर बघायला येणार होते. आदल्या दिवशी बाबा आयला म्हणाले, "माळ्यावर किती पसारा गो. पाहुण्यांनी वर बघितलं तर काय म्हणतील?"

आय शिडी लावून चढली. बघते तर निम्म्या वस्तू शेजारच्यांच्या, कधीतरी मागून आणलेल्या. कुणाचा हंडा, कुणाची परात, कुणाचं सूप. तिने ज्याचं त्याच्या घरी नेऊन दिलं. रिकामं भांडं परत करायची आमच्यात रीत नाय, म्हणून प्रत्येकात ओंजळभर तांदूळ घातले.

एवढ्या मानाने वस्तू परत आल्यावर शेजारणींना लाज वाटली. त्यांनीही आपापले माळे उपसले. संध्याकाळपर्यंत आमचं घंगाळ, टोपल्या, पातेली, सगळं दारात हजर. माझ्या जन्माआधीच कुणी नेलेला पाळणासुद्धा आला, त्यात तांदळाची पुरचुंडी.

बाबा डोक्याला हात लावून बसले. "अगो, आवर म्हणालो होतो. भर नाय म्हणालो."

शेवटी सगळं पुन्हा माळ्यावर चढवलं.

दुसऱ्या दिवशी मुलीच्या वडलांनी मान वर केली, बराच वेळ माळा न्याहाळला आणि म्हणाले, "भरलेलं घर हाय. आमी मुलगी देतो."

मग लग्न होईपर्यंत बाबांनी माळ्यावरचं साधं सूपसुद्धा कुणाला नेऊ दिलं नाय.